लिनिअर अल्जेब्रा : दहा आठवडे, आठवड्याला आठ तास. वेळ कुठे घालवावा?

आडवी_ओळ :
फेब्रुवारीतल्या गेटला (इंजिनिअरिंगच्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा) डीए, म्हणजे डेटा सायन्स आणि एआयचा, पेपर द्यायचा आहे. नोकरी सांभाळून सोमवार ते शुक्रवार रोज एक तास आणि शनिवार-रविवार दीड-दीड तास, म्हणजे आठवड्याला आठ तास मिळतात. हाताशी दहा आठवडे आहेत. गिल्बर्ट स्ट्रँग सरांचा एमआयटीचा लिनिअर अल्जेब्राचा १८.०६ कोर्स घेतला आहे, त्यात ३४ लेक्चर आहेत. सरळ भागाकार केला तर आठवड्याला जवळपास साडेतीन लेक्चर होतात. पण पहिली पाच भराभर जातात आणि सहाव्यापासून, कॉलम स्पेस (कॉलमांपासून तयार होणारे सगळे व्हेक्टर) आणि नल स्पेस (मॅट्रिक्सने गुणल्यावर शून्य होणारे सगळे व्हेक्टर) आलं की, घोडं अडतं. ऐकताना सगळं पटतं, पण कोऱ्या कागदावर काही उमटत नाही. वेळेची वाटणी कशी करावी? काय गाळलं तर चालेल? बारावीपर्यंतचं मॅट्रिक्स आणि डिटर्मिनंट येतं.

पिव्होट :
३४ भागिले १० हे गणित मुळातच चुकीचं आहे, कारण सगळी लेक्चर सारख्या वजनाची नाहीत. ६ ते १० ही पाच लेक्चर म्हणजे घाट आहे, त्याच्या अलीकडे-पलीकडे बऱ्यापैकी सपाट रस्ता. घाटाला तीन आठवडे द्या. मी वाटणी अशी करेन:

पहिला आठवडा १ ते ३. दुसऱ्यात ४ आणि ५, उरलेल्या वेळात नुसतं एलिमिनेशन (ओळीतून ओळ वजा करून शून्यं आणणं). तिसरा, चौथा, पाचवा आठवडा मिळून ६ ते १०, आणि शेवटी ३० वं लेक्चर वर ओढून घ्या. लिनिअर ट्रान्सफॉर्मेशन तिथे फार उशिरा येतं. बेसिस (सगळी स्पेस तयार करायला पुरतील तेवढेच व्हेक्टर) ताजं असतानाच ते पाहिलं तर मॅट्रिक्स म्हणजे नुसता आकड्यांचा तक्ता नाही हे वेळेत कळतं. सहावा आठवडा १४ ते १६. सातवा १७, १८, १९. आठवा २१, २२ आणि २४ चा मार्कोव्हचा भाग. नववा २५, २७, २९. दहावा रिकामा ठेवा. तो रिकामा राहणार नाही, मध्ये लग्नसराई आहे.

१२ (ग्राफ), २३ (डिफरन्शियल इक्वेशन) आणि २६ (कॉम्प्लेक्स मॅट्रिक्स, एफएफटी) ही तुमच्या पेपरसाठी खुशाल गाळा. २८ मधलं जॉर्डन फॉर्मही नको. २० मधला क्रेमरचा नियम दहावीत झालाय, तो पुन्हा पाहण्यात वेळ घालवू नका.

एका लेक्चरमागे अडीच तास धरा : पाऊण तास ऐकणं, बाकी सगळा वेळ पेन हातात. ऐकताना नोट्स उतरवू नका. लेक्चर संपल्यावर व्हिडिओ बंद करून फळ्यावरचं उदाहरण कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवा. जिथे अडाल तेवढाच तुकडा परत पाहा. तुम्ही म्हणता ते "ऐकताना पटतं" तिथेच उघडं पडतं.

आता घाटातलं एक वळण जवळून बघू. हे मॅट्रिक्स घ्या, याला अ म्हणू:

१ २ ० ३
२ ४ १ ८
३ ६ १ ११

दुसऱ्या ओळीतून पहिलीची दुप्पट आणि तिसरीतून पहिलीची तिप्पट वजा करा. दोन्हीकडे ० ० १ २ उरतं. तिसरीतून दुसरी वजा केली की तिसरी ओळ शून्य. पिव्होट (ओळीतला पहिला शून्य नसलेला आकडा) पहिल्या आणि तिसऱ्या कॉलममध्ये, म्हणून रँक, म्हणजे पिव्होटांची संख्या, २. क्ष२ आणि क्ष४ मोकळे. एकाला १ आणि दुसऱ्याला ० देऊन, मग उलट करून, नल स्पेसचे दोन व्हेक्टर मिळतात: (−२, १, ०, ०) आणि (−३, ०, −२, १).

कॉलम स्पेसचा बेसिस विचारला की बहुतेक जण इथे चुकतात. सोडवून आलेल्या मॅट्रिक्समधले (१, ०, ०) आणि (०, १, ०) लिहून मोकळे होतात. त्या दोघांपासून तयार होणाऱ्या प्रत्येक व्हेक्टरचा तिसरा घटक शून्यच असणार, आणि आपला मूळ पहिला कॉलम तर (१, २, ३) आहे! ओळींवर क्रिया केल्या की कॉलम स्पेस बदलते, कॉलमांमधलं नातं तेवढं टिकतं. म्हणून पिव्होटच्या जागा नव्या मॅट्रिक्समधून बघायच्या आणि कॉलम मूळ मॅट्रिक्समधून उचलायचे: (१, २, ३) आणि (०, १, १). ताळा म्हणजे चौथा कॉलम: पहिल्याची तिप्पट अधिक तिसऱ्याची दुप्पट, (३, ८, ११). बरोबर.

याच मॅट्रिक्सवर पाचही लेक्चरांचे प्रश्न स्वतःला विचारा. उजवीकडे कोणता व्हेक्टर (ब१, ब२, ब३) असेल तर उत्तर निघेल? (मूळ तिसरी ओळ ही पहिल्या दोघींची बेरीज आहे, म्हणजे ब३ = ब१ + ब२ असलं तरच.) चारही सबस्पेसच्या (कॉलम, रो, नल आणि डावी नल स्पेस) मिती किती? २, २, २, १. हे एका बैठकीत, न बघता, वीस मिनिटांत झालं तर पुढे चला. नाही झालं तर दुसरं मॅट्रिक्स घ्या, पण १४ व्या लेक्चरला हात लावू नका.

खडू_आणि_फळा :
पिव्होट यांची वाटणी पटली. फक्त "बारावीपर्यंतचं येतं" यावर थोडं थांबतो, कारण तिथल्याच काही सवयी पुढे नडतात.

पहिली सवय कॉलम ट्रान्सफॉर्मेशनची. आपल्या बोर्डाच्या बारावीत इनव्हर्स काढायला ओळींच्या क्रिया चालतात, कॉलमच्याही चालतात. इनव्हर्सपुरतं एकच एक धरून चाललात तर ठीक. पण समीकरणं सोडवताना किंवा नल स्पेस काढताना मध्येच कॉलमची क्रिया केलीत तर चलच बदलतात आणि आलेलं उत्तर मूळ प्रश्नाचं राहत नाही. रँक मात्र दोन्ही प्रकारच्या क्रियांनी तीच राहते, त्यामुळे ही चूक कधी कधी पकडलीच जात नाही. या कोर्सपुरता नियम: फक्त ओळी.

दुसरी सवय, काहीही दिसलं की डिटर्मिनंट काढायचा. कोफॅक्टरने उलगडलं तर ५ बाय ५ च्या डिटर्मिनंटमध्ये १२० पदं आणि १० बाय १० मध्ये ३६,२८,८०० पदं. एलिमिनेशनने १० बाय १० ला साधारण साडेतीनशे गुणाकारांत काम होतं: त्रिकोणी करा, कर्णावरचे आकडे गुणा, ओळींची जितक्यांदा अदलाबदल केली तितक्यांदा चिन्ह फिरवा. शिवाय डिटर्मिनंट शून्य आला एवढ्यावरून रँक २ की ३ ते कळत नाही. चौरस नसलेल्या मॅट्रिक्सला तर डिटर्मिनंट नसतोच, आणि घाटातली निम्मी मॅट्रिक्स तशीच आहेत.

तिसरी गोष्ट आकडेमोडीची. दुसऱ्या आठवड्यात रोज दोन एलिमिनेशन, ३ बाय ४ किंवा ४ बाय ५ ची, घड्याळ लावून. दहा मिनिटांत बिनचूक होईपर्यंत. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण इथे हात बसलेला नसेल तर तिसऱ्या आठवड्यात चूक वजाबाकीची होते आणि दोष नल स्पेसला जातो. प्रत्येक ओळीपुढे कोणती क्रिया केली ते लिहा, मनात ठेवू नका. एलयू (मॅट्रिक्सची दोन त्रिकोणी मॅट्रिक्समध्ये फोड) मधलं एल त्याच टिपणांतून तयार होतं, वेगळं काढावं लागत नाही.

लंबदुभाजक :
माझा एक मतभेद आहे. डीए पेपर असेल तर सातव्या आठवड्यातले डिटर्मिनंट आणखी छाटा आणि वाचलेला वेळ प्रोजेक्शन (व्हेक्टरची सबस्पेसवर पडणारी लंब सावली) आणि एसव्हीडीला (सिंग्युलर व्हॅल्यू डीकंपोझिशन, मॅट्रिक्सची तीन भागांत फोड) द्या. अभ्यासक्रमात प्रोजेक्शन मॅट्रिक्स, ऑर्थोगोनल मॅट्रिक्स, आयडेम्पोटंट मॅट्रिक्स, क्वाड्रॅटिक फॉर्म ही नावं स्पष्ट दिलेली आहेत. पार्टिशन मॅट्रिक्सही आहे, ते १८.०६ मध्ये ओझरतंच येतं. त्यासाठी ब्लॉकने गुणाकार करण्याची चार-पाच उदाहरणं वेगळी करा.

प्रोजेक्शनमध्ये हमखास होणारी चूक : सूत्र आहे (इथलं अ म्हणजे वरचं मॅट्रिक्स नव्हे) अ, गुणिले (अ-ट्रान्सपोज गुणिले अ) चा इनव्हर्स, गुणिले अ-ट्रान्सपोज. कंसाचा इनव्हर्स फोडून दोघांचे वेगळे इनव्हर्स लिहिले की सगळं कापलं जाऊन आयडेंटिटी उरते, आणि माणूस खूश होतो. पण अ चौरस नाही, त्याला इनव्हर्सच नाही, तर फोडणार काय?

लीस्ट स्क्वेअर्सचं (बिंदूंना सर्वांत जवळची रेषा काढण्याचं) एक छोटं उदाहरण पाठ व्हावं इतक्यांदा करा. बिंदू (०, १), (१, १), (२, ४). रेषा धरा ग + घ × ट (ट म्हणजे बिंदूतला पहिला आकडा). अ चे कॉलम (१, १, १) आणि (०, १, २). नॉर्मल समीकरणं ३ग + ३घ = ६ आणि ३ग + ५घ = ९. त्यावरून घ = १.५, ग = ०.५. चुका निघतात ०.५, −१, ०.५. ताळा इथेच संपत नाही. चुकांचा व्हेक्टर दोन्ही कॉलमना लंब आहे का बघा : बेरीज ०, आणि ०, १, २ ने गुणून बेरीज पुन्हा ०. हा लंब दिसला की सूत्र पाठ करायची गरज उरत नाही. या प्रोजेक्शन मॅट्रिक्सचा ट्रेस (कर्णावरच्या आकड्यांची बेरीज) न काढताच २ आहे हेही सांगता आलं पाहिजे, कारण आयगेन मूल्यं (मॅट्रिक्सने गुणल्यावर आपल्याच रेषेत राहणारे व्हेक्टर जितक्या पट होतात ते आकडे) फक्त ० आणि १ असतात आणि ट्रेस म्हणजेच रँक.

एसव्हीडीत डावे आणि उजवे व्हेक्टर वेगवेगळे काढून जुळवायला जाऊ नका, चिन्हं जुळत नाहीत. उजवे काढा, अ ने गुणा, सिंग्युलर मूल्याने भागा, डावे आपोआप मिळतात.

शून्य_शेष :
आयगेनबद्दल कोणी फारसं लिहिलं नाही, म्हणून थोडं.

आधी एलिमिनेशन करून मग कर्णावरून आयगेन मूल्यं वाचणं, ही चूक हुशार मुलंही करतात. पहिली ओळ ४ १, दुसरी २ ३ असं मॅट्रिक्स घ्या. ट्रेस ७, डिटर्मिनंट १०, म्हणून आयगेन मूल्यं ५ आणि २. व्हेक्टर (१, १) आणि (१, −२). आता दुसऱ्या ओळीतून पहिलीची निमपट वजा करा : कर्णावर ४ आणि २.५ येतात. गुणाकार अजून १० च आहे, पण बेरीज ६.५. एलिमिनेशन डिटर्मिनंट जपतं, आयगेन मूल्यं नाही. ट्रेसचा ताळा दहा सेकंदांचा आहे, प्रत्येक वेळी करा.

उत्तरं तपासायला पायथनमधलं नमपाय वापरा, पण आधी हाताने सोडवूनच. दोन गोष्टी माहीत हव्यात. तारांकन चिन्हाने गुणाकार घटकाला घटक असा होतो, मॅट्रिक्सचा गुणाकार हवा तर ॲट चिन्ह. आणि आयगेन व्हेक्टर ते लांबी १ करून देतं, म्हणून (१, १) च्या जागी ०.७०७१ दिसतं, कधी दोन्हीपुढे उणे चिन्ह. तुमचं उत्तर चुकलेलं नसतं. अपूर्णांक जसेच्या तसे हवे असतील तर सिमपाय.

गेटमध्ये एकाहून अधिक पर्याय बरोबर असणाऱ्या प्रश्नांना उणे गुण नाहीत, पण अर्धवट उत्तराला अर्धे गुणही नाहीत. त्यामुळे "नेहमी", "कधीच नाही" अशी विधानं तपासायला छोट्या प्रतिउदाहरणांचा साठा हवा. चार-पाच पुरतात : पहिली ओळ १ १, दुसरी ० १ (आयगेन मूल्य १ दोनदा, पण डायगोनलाइज होत नाही, इनव्हर्स मात्र आहे), पहिली ० १, दुसरी ० ० (शून्य नाही, पण वर्ग शून्य), ९० अंशांचं रोटेशन (वास्तव आयगेन मूल्य नाही). दर रविवारी शेवटचा अर्धा तास यालाच द्या : आठवड्यातली पाच विधानं घ्या, खरं की खोटं ठरवा, खोटं असेल तर २ बाय २ चं उदाहरण.

आडवी_ओळ :
सगळ्यांचे आभार. डिटर्मिनंट १८ आणि १९ मध्येच उरकतो. पिव्होट, तुमच्याच मॅट्रिक्सवर उजवीकडे (१, ३, ४) घेऊन सोडवलं. ४ = १ + ३, म्हणून उत्तर आहे. मोकळे चल शून्य धरले तर (१, ०, १, ०) येतं. मग संपूर्ण उत्तर असं लिहिलं : प गुणिले (१, ०, १, ०) अधिक फ गुणिले (−२, १, ०, ०) अधिक भ गुणिले (−३, ०, −२, १), तिन्ही कोणतेही. बरोबर ना?

पिव्होट :
प काढून टाका, बाकी बरोबर. प ला २ देऊन पाहा : उजवीकडे (२, ६, ८) येतं, (१, ३, ४) नाही. नल स्पेसच्या व्हेक्टरांना कितीनेही गुणलं तरी उजवीकडे शून्याचीच भर पडते, म्हणून फ आणि भ मोकळे. (१, ०, १, ०) एकदाच घ्यायचा. त्यामुळेच ही सगळी उत्तरं मिळून सबस्पेस होत नाही, त्यात शून्य व्हेक्टर नाही. आता उजवीकडे (१, ३, ५) घ्या आणि एलिमिनेशन नेमकं कोणत्या ओळीत अडतं ते इथे लिहा.