विषय: कार्यालयातला जुना संगणक अडला – चवथीच्या पावत्या त्यातच

सहसचिव, पणजी:
मंडळी, कपाटाशेजारचा संगणक परवापासून धड सुरू होत नाही. बटण दाबलं की पंखा फिरतो, काळ्या पडद्यावर ‘सीमॉस चेकसम एरर’ येतं आणि एफ-१ मागतो. एफ-१ दाबलं की विंडोज ७ चं चिन्ह दिसतं, निळा पडदा चमकून जातो आणि परत पहिल्यापासून. वर्गणीदारांची यादी आणि पावतीचा नमुना त्यातच आहे, तोही जुन्या फॉन्टात. चवथ तोंडावर आली. रविवारी कोण येईल? चावी नेहमीच्या जागी.

म्हापसा:
विंडोज उडालंय. फॉरमॅट मारून नवीन टाकू. सीडी घेऊन येतो.

फोंडा:
कृपया फॉरमॅट कोणीही करू नका. ‘चेकसम एरर’ म्हणजे बहुधा मदरबोर्डवरचा (मुख्य बोर्डावरचा) सेल संपला. सीआर २०३२, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. दुकानदार २०२५ देऊ लागला तर घेऊ नका. व्यास तोच, पण जाडी ३.२ ऐवजी २.५ मिमी असते, त्यामुळे खाचेत सैल बसतो आणि हीच तक्रार परत येऊ शकते.

प्लग काढा, मग बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला चार्ज निघून जाईल. जुना सेल बाहेर काढून मल्टीमीटर लावा. नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो, २.७ च्या खाली असेल तर बदलायचाच. अधिकची खूण असलेली बाजू वर.

म्हापसा:
सेल गेला तर घड्याळ मागे पडतं, एवढंच. निळ्या पडद्याचा त्याच्याशी काय संबंध?

फोंडा:
संबंध आहे, आणि इथेच लोक फसतात. सेल गेला की बायोसमधल्या (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, बोर्डावरच्या मूळ प्रोग्रॅममधल्या) सगळ्या सेटिंग्ज कारखान्यातल्या मूळ स्थितीत जातात. त्यात हार्ड डिस्कची साटा पद्धतही, म्हणजे बोर्डाने डिस्कशी कसं बोलायचं तेही आलं. विंडोज टाकताना ती ‘एएचसीआय’ (नवी पद्धत) असेल आणि आता आपोआप ‘आयडीई’ (जुनी पद्धत) झाली असेल, तर विंडोज ७ ला सुरुवातीलाच लागणारा ड्रायव्हर (डिस्क चालवणारा प्रोग्रॅम) चालू नसतो. डिस्क समोर असून ती सापडत नाही.

खात्री करायची तर चिन्ह येण्याआधी एफ-८ दाबत राहा आणि ‘बिघाड झाल्यास आपोआप रीस्टार्ट’ बंद करणारा पर्याय निवडा. निळा पडदा थांबेल. कोडच्या शेवटी ७बी दिसलं तर हीच शंका सर्वांत आधी तपासायची. नवा सेल घातल्यावर बायोसमध्ये जाऊन साटाची पद्धत बदला, तारीख-वेळ लावा, एफ-१० ने जतन करा. त्या पद्धतीत सुरू झालं नाही तर दुसरी लावून बघा. नुसतं बदलून पाहिल्याने डिस्कवरचं काही पुसलं जात नाही. ‘स्टार्टअप रिपेअर’वर (विंडोजच्या आपोआप दुरुस्तीवर) वेळ घालवू नका, त्याला बायोसची सेटिंग बदलता येत नाही.

खजिनदार:
सेल घ्या, बिल माझ्याकडे द्या. पण सेल इतक्या लवकर का संपला? गेल्या कार्यकारिणीतच बदलला होता.

फोंडा:
प्लग लावलेला असला की बोर्डाला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा मिळत राहतो आणि सेलवर भार पडत नाही. आपण पावसाळाभर प्लग काढून ठेवतो, तेव्हा घड्याळ सेलवरच चालतं.

खजिनदार:
प्लग काढायचा नियम विजांमुळे केला आहे आणि तो तसाच राहील. सेल स्वस्त आहे, मदरबोर्ड नाही.

वास्को:
खजिनदारांचं बरोबर. पण नुसता प्लग पुरत नाही, इंटरनेटची केबलही काढा. वीज त्या वाटेनेही येते आणि लॅनचं पोर्ट जळतं. शिवाय त्या सॉकेटचं अर्थिंग तपासा. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात ना? एसएमपीएसच्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) फिल्टरमधली विजेची गळती अर्थिंग नसलं की पत्र्यावर येते. वायरमनला दाखवा.

ग्रंथपाल:
पुस्तकांची सूचीही त्याच संगणकात आहे, हे लक्षात असू द्या. उघडताच आहात तर रॅम काढून खोडरबराने पुसा. पावसात रॅमच्या सोनेरी पट्टीवर थर धरतो. आत सिलिका जेलच्या पुड्याही ठेवूया का?

मडगाव:
रबर पांढरं, मऊ घ्या. शाई खोडायचं निळं, खरखरीत टोक वापरलं तर पट्टीवरचा सोन्याचा मुलामा जातो. तो अगदी पातळ असतो. पुसल्यावर भुगा झटका, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळू द्या. सिलिका जेल नको. कॅबिनेटला सगळीकडून भोकं आहेत, पुड्या बाहेरच्या हवेतलाच दमटपणा शोषत बसतील. त्यापेक्षा विजा नसतील त्या दिवशी तासभर चालू ठेवा, आतल्या उबेने दमटपणा जातो.

आणि प्रोसेसरभोवतीचे कॅपॅसिटर (छोट्या नळकांड्यांसारखे भाग) बघाच. डोकं सपाट हवं. फुगलं असेल किंवा तपकिरी काही झिरपलं असेल तर तो भाग बदलावा लागेल: मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, १०५ अंशांचा आणि लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला). साधा घातला तर तापून परत फुगतो. पट्ट्याची बाजू ऋण, उलटा बसला तर फुटतो.

म्हापसा:
ठीक, सीडी आणत नाही. पण सुरू झाल्यावर चेकडिस्क (डिस्कमधल्या चुका तपासणारा विंडोजचा प्रोग्रॅम) चालवूया.

फोंडा:
आधी प्रत, मग चेकडिस्क. डिस्कची स्मार्ट माहिती, म्हणजे तिने स्वतः ठेवलेली तब्येतीची नोंद वाचा. क्रमांक ५ म्हणजे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), १९७ म्हणजे वाचता न येणारे, निर्णय बाकी असलेले. १९७ समोर शून्याहून जास्त आकडा असेल तर चेकडिस्क नको, खराब जागा परत परत वाचायच्या ताणाने डिस्क कायमची जाऊ शकते. तेव्हा लिनक्सवरून डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कची प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमने) दुसऱ्या डिस्कवर पूर्ण प्रत घ्यायची.

पेन ड्राइव्हवर नुसती यादी घेऊ नका. विंडोजमधल्या फॉन्टच्या फोल्डरमधून तो जुना फॉन्टही घ्या. तो युनिकोड नाही, दुसऱ्या संगणकावर नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच दिसतील.

सहसचिव, पणजी:
सेल २.३ व्होल्ट. कोड ७बीच होता. साटा ‘आयडीई’ झालं होतं, ‘एएचसीआय’ केल्यावर विंडोज सरळ उघडलं. कॅपॅसिटर सपाट आहेत, रॅम पुसली. क्रमांक ५ आणि १९७ दोन्ही शून्य. यादी, सूची, नमुना आणि फॉन्ट दोन पेन ड्राइव्हवर घेतले. बायोसच्या त्या पानाचा फोटो छापून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. वायरमन मंगळवारी येतो, तोवर पावत्या छापायच्या तर चप्पल घालून बसा.

ग्रंथपाल:
एक पेन ड्राइव्ह माझ्याकडे हवा.

खजिनदार:
दुसरा माझ्याकडे. पावत्या शुक्रवारी छापू, कागद आणलेला आहे.