मदत हवी आहे: कोबॉटभोवतीचं सुरक्षा अंतर आणि ऑपरेटरवरचा ताण

अंबड एमआयडीसी, नाशिक. सीएनसी लेथवर जॉब चढवायला-उतरवायला कोबॉट (माणसाशेजारी काम करणारा रोबो) बसवलाय. जॉब ६ किलोचा आणि कडेला बर (कापल्यावर राहिलेली धारदार कड), त्यामुळे नुसत्या फोर्स लिमिटवर (रोबोच्या धक्क्याच्या जोरावरची मर्यादा) विसंबता येत नाही. कोबॉट सुरक्षित असला तरी त्याच्या हातातली धार सुरक्षित नसते! म्हणून लेझर एरिया स्कॅनर (ठरलेल्या जागेत कोणी आलं की रोबो थांबवणारा) लावला.

आयएसओ १३८५५ (सुरक्षा अंतराचं मानक) प्रमाणे हिशेब: स्कॅनर, सेफ्टी रिले आणि रोबो मिळून थांबायला ०.५ सेकंद (पूर्ण वजन, पूर्ण पोहोच, पूर्ण वेग धरून). माणसाचा चालण्याचा वेग १६०० मिमी/सेकंद धरून १६०० × ०.५ = ८०० मिमी. स्कॅनर २०० मिमी उंचीवर, म्हणून त्यात आणखी ११२० मिमी (१२०० − ०.४ × २००). एकूण १९२०, स्कॅनरची टॉलरन्स वेगळी. आमच्याकडे जागा १५०० मिमी. पलीकडे पॅलेट ट्रकची वाट आहे, शेजारच्या मशीनचं दार उघडतं म्हणून जाळीही बसत नाही.

सगळा वेळ २५० मिमी/सेकंदावर चालवून पाहिलं, सायकल टाइम (एका जॉबला लागणारा वेळ) बसत नाही. पूर्ण वेगात झोन मोठा ठेवला तर येणाऱ्या-जाणाऱ्यामुळे रोबो सारखा थांबतो, मग रात्रपाळीत कोणीतरी स्कॅनर बायपास करतं. त्यात आता एका ऑपरेटरकडे दोन मशीन, म्हणजे घाई आलीच.

बाहेरच्या वॉर्निंग झोनमध्ये वेग सेफ्टी कंट्रोलरनेच कमी केला, तर आतला स्टॉप झोन त्या कमी वेगाच्या स्टॉप टाइमवर काढता येतो का? तेव्हा बाहेरचा झोन किती ठेवता? आणि ऑपरेटरवरचा ताण रिस्क असेसमेंटमध्ये कशाच्या आधारे नोंदवता?