मुलाला चर्चच्या ग्रुपबरोबर मेक्सिकोत घर बांधायला पाठवावं का?

फ्रिस्कोची_आई

मंडळी जरा सल्ला हवाय. आम्ही डॅलसजवळ फ्रिस्कोला राहतो, मुलगा अकरावीत आहे. त्याच्या अगदी जवळच्या मित्राच्या चर्चचा युथ ग्रुप दरवर्षी स्प्रिंग ब्रेकला सीमेपलीकडे हुआरेसला जातो आणि तिथल्या एका गरीब कुटुंबाला तीन-चार दिवसांत घर बांधून देऊन परत येतो. यावेळी त्यांनी आमच्या चिरंजीवांना पण बोलावलंय, धर्माची काही अट नाही म्हणाले, आणि हा इतका हट्टाला पेटलाय की काय सांगू, एरवी स्वतःची खोली आवरत नाही पण मेक्सिकोत जाऊन काँक्रीट कालवायचंय.

माझ्या डोक्यात तीन गोष्टी घोळतायत. एक म्हणजे सेफ्टी, हुआरेस म्हटलं की ड्रग्जच्या टोळ्याच आठवतात. दुसरं, घरी सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर त्या म्हणाल्या मिशनऱ्यांबरोबर पाठवतेस? बाटवतील त्याला. मी हसले पण नवऱ्यालाही आतून तेच वाटतंय हे कळतंय मला. आणि तिसरं म्हणजे सोळा वर्षांची पोरं, हातोडी धरता येत नाही, ती घर बांधणार म्हणजे नक्की काय करणार? त्या लोकांना खरंच उपयोग होतो का आपल्या पोरांच्या कॉलेजच्या अर्जातल्या निबंधाची, एसेची सोय? कोणी गेलंय का अशा ट्रिपला? प्लीज अनुभव असेल तर सांगा.

नगरकर_ह्यूस्टन

ताई, मी जातो अशा ट्रिपला, मोठ्यांपैकी एक म्हणून, पोरांवर लक्ष ठेवायला आणि गाडी चालवायला. आम्ही मूळचे नगरचे ख्रिस्ती. नगरला अमेरिकन मराठी मिशन 1831 ला आलं, त्यामुळे मिशनची दुसरी बाजू, म्हणजे ज्यांच्याकडे लोक येतात ती, घरातल्या गोष्टींमधूनच ऐकत आलोय, आणि म्हणून पाहुण्यांनी कसं वागावं याबद्दल माझी मतं जरा कडक आहेत.

आधी काम काय असतं ते सांगतो. घर म्हणजे लाकडी सांगाड्याचं, एक-दोन खोल्यांचं. पहिल्या दिवशी स्लॅब, आपल्याकडे स्लॅब म्हणजे छत पण इथे जमिनीवरचा काँक्रीटचा ओटा. सिमेंट वाळू खडी पाणी, मोठ्या ट्रेमध्ये फावड्याने हाताने कालवायचं, मिक्सर नसतो बहुतेक ठिकाणी, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या पोरांचे हात लोंबकळत असतात. दुसऱ्या दिवशी दोन बाय चारच्या लाकडाच्या भिंतींच्या फ्रेम जमिनीवर ठोकून उभ्या करायच्या, वर प्लायवूड, छताचं काम. मग बाहेरून काळा डांबरी कागद, त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी, आणि शेवटी जाळीवर स्टको म्हणजे सिमेंटचा गिलावा. हे शेवटचं काम पोरांना सगळ्यात आवडतं, अंगभर सिमेंट. आत वायरिंग करायला जाणता माणूस असतो. पोरं ठोकाठोक, उचलाउचल आणि गिलावा करतात, मापं आणि लेव्हल बघणारा लीडर संस्थेचा असतो, त्याने अशी कितीतरी घरं उभी केलेली असतात. त्यामुळे घर वाकडं होईल ही भीती सोडा.

हुआरेसमध्येच का, तर 1965 नंतर सीमेवर अमेरिकन कंपन्यांसाठी जोडणीचे कारखाने निघाले, तिकडे त्यांना माकिलादोरा म्हणतात, 1994 च्या नाफ्टा म्हणजे अमेरिका-कॅनडा-मेक्सिको व्यापार करारानंतर ते अजून वाढले. दक्षिणेकडून, व्हेराक्रूझ ओआहाकाकडून लोक कामाला आले. काम मिळालं पण घर परवडेल असा पगार नाही, मग शहराच्या कडेला वाळवंटात प्लॉट हप्त्यावर घ्यायचा आणि मालाच्या लाकडी पॅलेट, ताडपत्री, पुठ्ठे लावून राहायचं. थंडीत तिथे पारा शून्याखाली जातो आणि मार्चमध्ये वारा सुटला की धूळ इतकी की समोरचं दिसत नाही. अशा ठिकाणी काँक्रीटची जमीन आणि कुलूप लागणारं दार ही लहान गोष्ट नाही.

आता सासूबाईंचा मुद्दा. प्रार्थना होते, लपवत नाही. सकाळी डेव्होशन म्हणजे बायबलवाचन आणि प्रार्थना, रात्री गाणी आणि चर्चा, शेवटच्या दिवशी घरासाठी प्रार्थना करून किल्ली देतात, बऱ्याचदा स्पॅनिश बायबल पण. कुटुंब निवडतो तिथला स्थानिक पाळक किंवा संस्थेची तिथली माणसं. तुमच्या मुलाला कोणी बाप्तिस्मा द्यायला पाण्यात बुडवणार नाही पण रात्री पोरं रडत रडत आपल्या श्रद्धेची साक्ष देतात तेव्हा त्या वयात मनावर परिणाम होतो, तो गप्प बसून ऐकू शकतो का एवढं त्याच्याशी बोलून घ्या. आणि युथ पास्टरला, म्हणजे युथ ग्रुपच्या पाळकाला थेट विचारा की आमचा मुलगा हिंदू आहे, त्याला प्रार्थनेत सामील व्हायचं नसेल तर चालेल का. नीट माणूस असेल तर लगेच सांगेल. आढेवेढे घेतले तर नाही म्हणा.

कोरडा_हिशोब

मी सिव्हिल इंजिनियर आहे, थोडं थंड पाणी ओततो. वरच्यांनी छान लिहिलंय पण हिशोब कोणी मांडला नाही. 1998 ला होंडुरासमध्ये मिच चक्रीवादळ आलं, त्यानंतर उत्तर अमेरिकेतल्या चर्चमधून ग्रुपच्या ग्रुप घरं बांधायला गेले. कर्ट व्हेर बीक नावाच्या समाजशास्त्रज्ञाने, तो स्वतः ख्रिश्चन कॉलेजचा प्राध्यापक, त्याचा अभ्यास केला. घर बांधायला खर्च साधारण 2,000 डॉलर आणि एका ग्रुपच्या विमान, राहणं-खाणं धरून येण्याजाण्याचा खर्च 30,000 च्या आसपास. तेवढ्यात किती घरं झाली असती आणि किती गवंड्यांना रोजगार मिळाला असता करा गुणाकार. त्याने हेही बघितलं की घर मिळालेल्या लोकांच्या आयुष्यात परदेशी ग्रुपने बांधलं काय आणि स्थानिक लोकांनी बांधलं काय, फार फरक नव्हता. आणि जाऊन आलेले लोक म्हणाले आम्ही बदललो, आता जास्त दान देतो, पण देणग्यांचे आकडे बघितले तर तसं काही ठळक दिसलं नाही.

हुआरेसला तुम्ही गाडीने जाताय, डॅलसहून सीमेअलीकडचं एल पासो नऊ-दहा तास, त्यामुळे विमानाचा खर्च नाही, गणित इतकं वाईट नसेल. तरी प्रश्न उरतोच की जिथे बेकार गवंडी बसलेत तिथे आपण पोरं का नेतो. मुलाला शिकवायचं म्हणून न्या, काही हरकत नाही, पण मग त्याला मदत म्हणू नका, त्याला सहल म्हणा आणि स्वतःच्या खिशातून करा, नातेवाइकांना फंडरेझिंगची पत्रं पाठवू नका. मला अशी पत्रं येतात दरवर्षी, फोटोत भाच्याच्या कडेवर कोणाचं तरी पोर.

औशाचा_पक्या

हिशोबवाल्यांशी पन्नास टक्के सहमत. मी लातूरकडचा, 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप झाला तेव्हा शाळेत होतो. त्यानंतर बाहेरून कोण कोण घरं बांधायला आलं हे बघितलंय. गावंच्या गावं दत्तक घेतली संस्थांनी, कंपन्यांनी, पेपरवाल्यांनी, नव्या जागेवर वसवली. घरं मजबूत, त्याबद्दल वाद नाही, जुनी दगडमातीची जाड भिंतीची माळवदं पडूनच तर माणसं चिरडली होती. पण रस्ते सरळ रेषेत, प्लॉट लांब लांब, कॉलनीसारखं. बैल कुठे बांधायचा, कडबा कुठे रचायचा, बायकांनी दारात कुठे बसायचं याचा विचारच नाही. आमच्या आत्याच्या नवीन घरासमोर वर्षभरात पत्र्याचं शेड आलं, स्वयंपाक त्यात आणि आतल्या पक्क्या खोलीत ज्वारीची पोती. ज्यांनी बांधलं त्यांनी फोटो काढले आणि गेले, शेड बघायला कोण येतंय.

तर ताई माझा प्रश्न वेगळा आहे. संस्था परत जाते का? पाच वर्षांनी ते घर कसं आहे हे कोणाला माहितीय का, छत गळलं तर कुटुंबाने कोणाला सांगायचं? जमीन कुटुंबाच्या नावावर आहे का, का हप्ते थकले की घरासकट जाणार? हे विचारा. उत्तर मिळालं तर पाठवा बिनधास्त. ज्वारीच्या पोत्यांसाठी तरी खोली झाली असं आत्या म्हणायची ते वेगळं.

मावळी_मुलगी

फक्त एक ॲड करते, अशी माणसं आपल्याकडे पण आलेली. 2006 मध्ये जिमी कार्टर आणि रोझलिन कार्टर मळवलीला आले होते, लोणावळ्याजवळ, हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटीच्या कामासाठी, 100 घरं बांधायला. माजी राष्ट्राध्यक्ष, वय 82, विटा लावतायत. ब्रॅड पिट पण येऊन गेला, त्यामुळे आमच्या कॉलेजातल्या अर्ध्या पोरी मळवली लोकलने जायच्या तयारीत, कोणाला काही दिसलं नाही. ही संस्था पण ख्रिश्चन विचारातूनच निघालेली, 1976 ला जॉर्जियात, पण घर घेणाऱ्याने धर्म बदलावा वगैरे नाही. आणि मला त्यांची आवडलेली गोष्ट म्हणजे घर फुकट देत नाहीत, मालक स्वतः पण मेहनत करतो आणि परवडेल असे हप्ते भरतो. तुमच्या चर्चच्या ट्रिपमध्ये ते कुटुंब पण बरोबर राबतं का? का खुर्ची टाकून बसवतात आणि शेवटी किल्ली देतात? माझ्या मते त्यावर बरंच ठरतं.

नगरकर_ह्यूस्टन

@मावळी_मुलगी आमच्याकडे कुटुंब राबतं. बाप कामावरून सुट्टी मिळाली तर, नाहीतर मामे काका शेजारी, आणि खरं सांगायचं तर ते आमच्या पोरांच्या दुप्पट वेगाने ठोकतात. @कोरडा_हिशोब आकडे मान्य. फक्त एवढंच की ते पैसे सरळ पाठवा म्हटलं तर चर्चमध्ये कोणी पाठवत नाही, पोरगा जातोय म्हटलं की आजी चेक फाडते. ट्रिपच्या फीमधूनच लाकूड आणि सिमेंट येतं, ते हुआरेसमध्येच घेणारी संस्था असेल तर अजून बरं. हे फार आदर्श नाही, पण असं चालतं.

सेफ्टीबद्दल राहिलंच. 2008 ते 2011 हुआरेस भयंकर होतं, 2010 मध्ये एका वर्षात तीन हजारांवर खून झाले, तेव्हा कित्येक ग्रुप यायचे बंद झाले. आता तसं नाही, पण हुआरेस ज्यात आहे त्या चिवावा राज्यासाठी अमेरिकन सरकारची सूचना काही वर्षं 'प्रवासाचा फेरविचार करा' याच पातळीवर आहे, निघायच्या आधी ताजी सूचना बघा. चांगले ग्रुप दिवसाउजेडीच सीमा ओलांडतात, अंधारात बाहेर पडत नाहीत, काही तर रात्री झोपायला एल पासोला परत येतात. तुमचे कुठे झोपणार ते विचारा. अमेरिकन गाडीचा इन्शुरन्स तिकडे चालत नाही, मेक्सिकन पॉलिसी काढली आहे का तेही. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय ना बघा, खिळ्यांचं काम आहे.

एच४_ते_ग्रीनकार्ड

थांबा थांबा, सगळे घरावर बोलतायत, मुलाचं स्टेटस काय आहे ते कोणी विचारलंच नाही. सिटिझन असेल तर प्रश्न नाही. ग्रीन कार्ड असेल तर भारतीय पासपोर्ट अधिक कार्डावर मेक्सिको सोडतं. एच-4 म्हणजे एच-1 वाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा असेल आणि व्हिसाचा स्टॅम्प चालू असेल तरी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. गंमत स्टॅम्प संपलेला असतो तेव्हा होते. अमेरिका तीस दिवसांच्या आतल्या मेक्सिको-कॅनडा ट्रिपवरून चालू आय-94 वर, म्हणजे अमेरिकेत शिरल्याच्या नोंदीवर परत घेते, त्याला ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन म्हणतात, हे वाचून लोक खूश होतात आणि विसरतात की मेक्सिकोत शिरायला भारतीय पासपोर्टला मेक्सिकोचा व्हिसा लागणार, कारण अमेरिकेचा चालू व्हिसा तुमच्याकडे नाहीये. युथ पास्टरला यातलं काही माहीत नसतं, त्याची सगळी पोरं निळ्या, म्हणजे अमेरिकन पासपोर्टवाली. ग्रीन कार्डचा अर्ज शेवटच्या टप्प्यात असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय हलू नका. आणि अठराच्या आतला असल्यामुळे दोन्ही पालकांच्या सहीचं नोटराइज्ड संमतीपत्र, इंग्लिश आणि स्पॅनिश दोन्हीत.

फ्रिस्कोची_आई

बापरे. एच-4 च आहे आणि स्टॅम्प संपलाय, इंडियाला गेलोच नाहीये किती दिवसात. नवरा म्हणाला बघ देवालाच नको होतं, मी म्हटलं कुठल्या देवाला ते सांग आधी 😀

तर अपडेट असा. डॅलसच्या मेक्सिकन वकिलातीची अपॉइंटमेंट बघतेय, वकिलालाही मेल टाकलीये. काल युथ पास्टरशी फोनवर बोलले, औशाच्या दादांचे प्रश्न जसेच्या तसे विचारले. जमिनीचे कागद बघूनच कुटुंब घेतात म्हणाला, घरच्यांना कामाला यावंच लागतं, आणि जुन्या घरांना भेट देतात का यावर जरा अडखळला, स्थानिक पाळक बघतात म्हणाला. प्रार्थनेचं मात्र लगेच म्हणाला, बाहेर बसला तरी चालेल, दोन पोरं अशी आधी पण आलेली. झोपायला एल पासोच्या चर्चच्या हॉलमध्ये. फंडरेझिंगची पत्रं पाठवणार नाही असं ठरवलंय, फी मुलगाच भरेल, स्वतःचे पैसे साठवलेत त्याने. हिशोबवाले, तुमच्यामुळे. व्हिसा वेळेत नाही आला तर पुढच्या वर्षी.

अजून एक, आम्ही शाकाहारी आहोत, मुलगा अंडं खातो फक्त. तिकडे खायचे हाल होतील का?

नगरकर_ह्यूस्टन

ब्रेकफास्ट आणि रात्रीचं ग्रुपचं असतं, तिथे सांगून ठेवा. दुपारचं जेवण बऱ्याचदा ते कुटुंबच करून घालतं, आणि ऐपत नसताना करतात म्हणून नाही म्हणणं जड जातं. तांदूळ, टॉर्टिया, राजम्यासारख्या घेवड्याची उसळ असते, पण उसळ घोटून परततात ती डुकराच्या चरबीत असू शकते, तिला मांतेका म्हणतात. 'सिन मांतेका, सिन कार्ने', म्हणजे चरबी नको, मांस नको, एवढं पाठ करून घ्या त्याच्याकडून आणि कुटुंबाला आदल्या दिवशीच सांगायला लावा, ऐन पानावर नको. साल्सा तिखट असतो, आपल्या पोरांना चालतो. ठोकाठोकीला चामड्याचे हातमोजे द्या आणि गिलाव्याला रबरी, दुकानातले कापडी नकोत, स्टकोचं ओलं सिमेंट कापडातून, चामड्यातूनही आत जातं आणि बोटं फुटतात.

कोरडा_हिशोब

आणि बूट जुने द्या. नवे घालून जाऊ नका, सिमेंट लागलं की गेले.