मदत हवी आहे: भांग रुंदावतोय, मिनॉक्सिडिल चालू ठेवू का?

मंडळी, वय ३८. शेपटा निम्मा झालाय, भांग रुंदावलाय; कपाळावरची रेषा मात्र जागेवर आहे. आईचं अगदी असंच, आत्याचंही. थायरॉइड, हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासलं, काही निघालं नाही. त्वचारोगतज्ज्ञांना डर्मोस्कोपमधून (त्वचा मोठी करून दाखवणारं भिंग) जाड केसांत बारीक केस मिसळलेले दिसले. आनुवंशिक केसगळती म्हणाले आणि ५ टक्के मिनॉक्सिडिल रोज रात्री एकदा लावायला दिलं.

ते सुरू केलं आणि गळणं वाढलंच! मोरीच्या जाळीवर रोज गुंतवळ. सासूबाई म्हणतात बंद कर, माक्याचं तेल लाव. (आईने जन्मभर तेच लावलंय.) हे गळणं थांबतं का? औषध सोडलं की होते तेही केस जातात म्हणे, खरं का? शिवाय क्लिनिकवाले पीआरपीचं (आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट्सची टाळूत इंजेक्शनं) पॅकेज गळ्यात मारतायत.

प्रतिसाद १
ताई, मी फार्मसिस्ट आहे. डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. विश्रांतीच्या अवस्थेतले केस पडणारच असतात. औषधाने नवी वाढ सुरू झाली की ते एकदम बाहेर पडतात. बहुतेकांचं दोनेक महिन्यांत ओसरतं. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात, तोवर दर महिन्याला त्याच उजेडात भांगाचा फोटो काढा. सोडलंत तर काही महिन्यांत कमावलेलं जातं, हे खरं. पण औषध घेतलंच नसतं तर जिथे असता तिथेच येता, त्याहून मागे नाही. मुळात मिनॉक्सिडिल ही रक्तदाबाची गोळी. खाणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले, म्हणून डोक्याला लावायला आली. तेव्हा हात धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच आडव्या व्हा, नाहीतर उशीवरून गालावर लव येते. घरात मांजर असेल तर फार जपा, तिला हे विष आहे.

प्रतिसाद २
पीआरपी आत्ता नको. काहींना गुण येतो, पण प्रत्येक क्लिनिकची पद्धत वेगळी आणि पुन्हा पुन्हा करावं लागतं. नवरा केसगळतीसाठी फिनास्टराइड घेत असेल तर त्यातली गोळी घेऊ नका; केस बारीक करणारं डीएचटी हे हार्मोन कमी करून ती पुरुषांना उपयोगी पडते, बायकांत भरवसा कमी, आणि गरोदरपणी गर्भ मुलग्याचा असेल तर त्याला धोका. पाळी अनियमित असेल किंवा हनुवटीवर राठ केस असतील तर डॉक्टरांना पीसीओएसचं (अंडाशय आणि हार्मोन्सचा विकार) विचारा.

धागाकर्ती
आभार! पाळी नियमित आहे. मांजर आहे, आणि माझ्याच उशीवर झोपते. रात्रीऐवजी सकाळी लावलं तर?

प्रतिसाद १
चालेल. टाळू कोरडी हवी, आणि वाळेपर्यंत मांजर दुसऱ्या खोलीत. उशीचा अभ्राही बदला.