चौथीतलं लेकरू वाचत नाही: ऊसतोडीची गैरहजेरी की अध्ययन अक्षमता? सल्ला हवा

केजचे_गुरुजी
नमस्कार. जि. प. शाळा, केज तालुका. चौथीतला मुलगा, वय नऊ पूर्ण. दोन अक्षरी शब्दाच्या पुढे वाचन जात नाही. फळ्यावरचं बघून सुबक उतरवतो, पण स्वतः उतरवलेलं वाचता येत नाही. तोंडी हिशेब पक्का: शंभरातून पस्तीस गेले की पासष्ट लगेच. गोष्ट ऐकवली की शेवटपर्यंत क्रमाने सांगतो. आईवडील कोयत्यावर जातात, त्यामुळे पहिलीपासून दर वर्षी दिवाळी ते गुढीपाडवा शाळा बुडते. केंद्रातले काही जण म्हणतात, "मतिमंद आहे, प्रमाणपत्र काढून टाका." काही म्हणतात, "वर्गातच नव्हता तर येणार कुठून?" दसऱ्यानंतर टोळी पुन्हा निघेल. हातात तीन महिने आहेत. आधी काय करू आणि कुठं पाठवू?

समावेशित_लातूर
गुरुजी, "मतिमंद" हा शब्द आधी बाजूला ठेवा. कायद्यातही आता बौद्धिक अक्षमता म्हणतात. ती ठरवताना दोन गोष्टी एकत्र लागतात: बुद्ध्यांक साधारण ७० च्या खाली, आणि रोजचे व्यवहार वयाच्या मानाने बरेच मागे. फक्त पुस्तक वाचता येत नाही यावरून ती ठरत नाही. घरच्यांना एवढंच विचारा: किराणा आणून सुटे पैसे बरोबर परत देतो का, शेळ्या मोजून आणतो का, धाकट्या भावंडाला सांभाळतो का, खेळाचे नियम समजतात का. तुम्ही सांगितलेल्या हिशेबावरून आणि गोष्टीवरून तरी तिकडे बोट दाखवायचं कारण दिसत नाही.

खरी गुंतागुंत पुढे आहे. अध्ययन अक्षमता (बुद्धी ठीक असूनही वाचन-लेखन न जमणं) म्हणायला नीट शिकवण्याची संधी मिळालेली असावी लागते. पाच-पाच महिने शाळा बुडालेल्या मुलाला आजच तो शिक्का मारता येत नाही, आणि "गैरहजर होता" म्हणून सोडूनही देता येत नाही. दोन्ही एकाच मुलात असू शकतं. वेगळं कसं करायचं? शिकवून बघायचं. सहा आठवडे, रोज, मोजून. दुसरा रस्ता नाही.

श्रवणवाचा
शिकवायच्या आधी कान आणि डोळे. हे टाळून थेट मानसशास्त्रज्ञाकडे पाठवलेलं मूल तिथूनही आधी हेच करायला परत येतं.

कान: मुलाच्या मागे हातभर अंतरावर उभे राहा, म्हणजे ओठ दिसणार नाहीत. एका कानाच्या भोकावर त्याचंच बोट दाबून धरायला सांगा. श्वास सोडून कुजबुजत एकेक शब्द म्हणा आणि परत म्हणून घ्या. ताट, पाट, काठ, सात, हात, वाट. एका कानाला सहा, मग दुसऱ्या कानाला वेगळे सहा. अर्ध्याहून अधिक चुकले तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे. बऱ्याचदा नुसता मळ घट्ट बसलेला असतो किंवा सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साठलेलं असतं. असं मूल बोलायला ठीक असतं, पण 'त' आणि 'थ' मधला फरक त्याला कधी नीट ऐकूच आलेला नसतो. कान वाहत असेल तर चाचणी करत बसू नका, थेट दाखवा.

डोळे: अक्षरांचा तक्ता वापरू नका, त्याला अक्षरंच येत नाहीत! इंग्रजी 'ई' च्या आकाराचा तक्ता घ्या, फाटे कुठल्या बाजूला आहेत ते हाताने दाखवायचं. अंतर ६ मीटर, एका वेळी एक डोळा, दुसऱ्यावर तळहात, बोटं नव्हेत. बोटांच्या फटीतून मुलं बघतात.

बालरोग_परभणी
त्यात दोन गोष्टींची भर घाला. एक, हिमोग्लोबिन. ५ ते ११ वर्षांत ११.५ च्या खाली असेल तर रक्तक्षय, आणि त्यात लक्ष टिकत नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गुलाबी गोळी (४५ मिग्रॅ लोह) प्रतिबंधासाठी असते, रक्तक्षय असेल तर उपचाराचा डोस डॉक्टर ठरवतील. दुसरं, बोलता-बोलता पाच-दहा सेकंद नजर थिजते, हाक ऐकू जात नाही आणि मग काही झालंच नाही असं मूल पुढे सुरू होतं, असं दिवसातून अनेकदा दिसलं तर ती आळशी तंद्री नसते. फिट्सचा तो एक प्रकार असू शकतो, ईईजीत (मेंदूच्या लहरींच्या आलेखात) दिसतो आणि औषधाला चांगली दाद देतो. मोबाईलवर चित्रण करून दाखवलं तर डॉक्टरांचं काम निम्मं होतं.

जुना_खडू
एवढा पसारा कशाला? मुलगा डावखुरा आहे का बघा. डावखुरी लेकरं अशीच असतात. उलटी अक्षरं काढत असेल तर तेच ते डिस्लेक्सिया.

समावेशित_लातूर
दादा, डावखुरेपणा हे कारण नाही, आणि हात बदलायला लावू नका. एखादं अक्षर आरशातल्यासारखं उलटं काढणं पहिली-दुसरीत सर्रास दिसतं आणि सरावाने जातं. देवनागरीत अध्ययन अक्षमता वेगळीकडे दिसते.

मराठीतल्या कुठल्या चुकांना वजन द्यायचं ते सांगते, कारण इंग्रजीसाठी बनवलेल्या याद्या इथं फसवतात. ह्रस्व-दीर्घ चुकतं? निम्म्या वर्गाचं चुकतं, सोडून द्या. 'पानी', 'कोन' लिहिलं? जसं घरी बोलतात तसं लिहिलं, ती बोली आहे, दोष नाही. तांड्यावरच्या लेकराची घरची भाषा गोरमाटी असेल, किंवा घरात दखनी असेल, तर मराठी शब्दसाठा कमी असणारच. तोही आजार नाही.

वजन द्यायचं ते असं. मात्राच गाळणं: 'केळी' चं 'कळ'. पहिल्या वेलांटीत अडकणं, कारण ती डोळ्याला आधी दिसते आणि उच्चारात मागून येते. 'दिवा' ला मूल 'दवि' म्हणतं. घ-ध, भ-म, थ-य यांची अदलाबदल चौथीतही टिकून असणं. रचे चार अवतार (सूर्य, चक्र, ट्रक, सुऱ्या) ओळखूच न येणं. चित्र बघून भलताच पण अर्थाने जवळचा शब्द ठोकून देणं. आणि सगळ्यात मोठी खूण: शुक्रवारी आलेलं सोमवारी कोरं.

आता तीन छोट्या चाचण्या, मिळून पंधरा मिनिटं. पहिली: दुसरीच्या पुस्तकातला न शिकवलेला उतारा, एक मिनिट, बरोबर शब्द मोजा. चूक दुरुस्त करू नका, फक्त टिपून ठेवा. दुसरी: अर्थ नसलेले शब्द. तिमाक, बोलूप, गेदम, नुशी, असे दहा. पाठ केलेल्या शब्दांचं सोंग इथं उघडं पडतं. तिसरी: तितकाच कठीण उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि पाच प्रश्न विचारा. ऐकून समजतं पण वाचून जमत नाही, तर शंका अध्ययन अक्षमतेकडे झुकते. ऐकूनही समजत नाही, तर भाषा, कान किंवा एकंदर बौद्धिक विकास बघावा लागेल.

केजचे_गुरुजी
सगळं करून बघितलं. कान दोन्ही सहापैकी सहा, डोळे ठीक. उताऱ्यात मिनिटाला ४ शब्द. निरर्थक शब्द दहापैकी १. ऐकून पाचपैकी ५. मधेच थिजणं वगैरे नाही. आता सहा आठवडे नेमकं काय शिकवू? बाकीची ३१ मुलं आहेत वर्गात.

समावेशित_लातूर
४, १ आणि ५. हे आकडे तारखेसह जपून ठेवा, पुढं हाच सगळ्यात मोलाचा कागद.

रोज २० मिनिटं, परिपाठानंतर लगेच, आठवड्याला पाच दिवस. शनिवारी एक तास कोंबलेला चालत नाही. पहिली पाच मिनिटं फक्त कानाने, पुस्तक बंद: 'कमळ' मधला क काढला तर काय उरलं? 'पाटी' च्या पा ऐवजी मा घाल. पुढची दहा मिनिटं अक्षरं. पहिल्या आठवड्यात सहाच: क, म, ल, न, र, स, आणि काना. यातूनच काम, नाक, माल, मासा, रान असे शब्द होतात. स्वर लाल खडूने, व्यंजन पांढऱ्याने. बोट वाळूत किंवा ओट्यावर फिरवत, मोठ्याने उच्चारत. सारखी दिसणारी अक्षरं एका दिवशी शिकवायचीच नाहीत: घ पक्का झाल्यावर किमान दहा दिवसांनी ध. दुसऱ्या आठवड्यात पहिली वेलांटी घेऊ नका, आधी दुसरी वेलांटी आणि मग मात्रा. पहिली वेलांटी चौथ्या आठवड्यात. शेवटची पाच मिनिटं कालचंच परत.

पूर्ण बारखडी घोकून घेऊ नका. ती त्याला तालावर पाठ असेल, क कडून कौ पर्यंत धावेल, पण मधल्या 'कै' वर बोट ठेवलं की गप्प.

४० शब्दांची एक यादी करा, दर शुक्रवारी तीच वाचून घ्या, किती बरोबर एवढंच लिहा. ६-१४-२३-३१ असं चढत गेलं तर गैरहजेरीच मुख्य कारण होतं, शिकवत राहा. ६-८-७-९ असं रेंगाळलं तर सहाव्या आठवड्याची वाट न बघता चौथ्यालाच तपासणीला पाठवायचं संदर्भपत्र लिहा. तुमच्याकडे वेळ दसऱ्यापर्यंतच आहे.

आष्टीची_आई
मधेच विचारते, राग मानू नका. माझा अडीच वर्षांचा बोलत नाही, बोटाने दाखवतही नाही. सासूबाई म्हणतात त्याचे वडीलही उशिरा बोलले. मोबाईल बंद केला की बोलेल का?

श्रवणवाचा
ताई, मोबाईल बंद कराच, पण त्याच्यावर विसंबून महिने घालवू नका. दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांचं वाक्य ("पाणी दे") यायला हवं. बोटाने न दाखवणं ही न बोलण्यापेक्षा मोठी खूण आहे. आलेले शब्द गेले असतील तर या आठवड्यातच दाखवा. आधी बेरा ही श्रवणचाचणी, झोपेत होते, दुखत नाही. टाळी वाजवली की वळतो म्हणजे ऐकू येतं असं नाही. मग बालरोगतज्ज्ञाकडून स्वमग्नतेची तपासणी. अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, सेविकेकडून नाव लिहून घ्या. पथक जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राला पाठवू शकतं. थेट गेलात तरी चालतं. आणि वाचा उपचार निदानाचा कागद येईपर्यंत थांबवायचा नसतो.

केजचे_गुरुजी
चार शुक्रवार झाले. ७, ९, ८, ११. मुलगा मनापासून बसतो, एकही दिवस चुकला नाही. आता पत्र लिहितो. कुणाच्या नावे, आणि त्यात काय?

समावेशित_लातूर
पत्र आधी तालुक्याच्या गटसाधन केंद्राकडे, समग्र शिक्षा या सरकारी योजनेतल्या समावेशित शिक्षणाच्या तज्ज्ञाच्या नावे, प्रत मुख्याध्यापकांच्या सहीने. रुग्णालयासाठी त्याचीच दुसरी प्रत पालकांकडे. केजहून तुम्हाला अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय जवळ. बालरोग आणि मानसोपचार दोन्ही विभागांत विचारा. बुद्ध्यांक आणि अध्ययन अक्षमतेच्या चाचण्या घेणारे मानसशास्त्रज्ञ कोणत्या वारी बसतात ते आधी कळवून घ्या, नाहीतर एक मजुरी बुडते आणि हाती नुसता केसपेपर येतो. एका फेरीत होत नाही; दोन-तीन धरून चाला.

पत्रात "मूल हुशार नाही", "लक्ष देत नाही" असली विशेषणं नकोत. असं लिहा: "वय ९ वर्षे, इयत्ता ४ थी, माध्यम मराठी, घरची भाषा मराठी. इ. १ ली ते ३ री स्थलांतरामुळे दरवर्षी सुमारे ५ महिने अनुपस्थिती. श्रवण व दृष्टी प्राथमिक तपासणी समाधानकारक. वाचन मिनिटाला ४ शब्द, ऐकून आकलन ५ पैकी ५. रोज २० मिनिटे वैयक्तिक अध्यापन ४ आठवडे. ४० शब्दांत प्रगती ७, ९, ८, ११. विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या दृष्टीने मूल्यमापन व्हावे." सोबत वहीच्या तीन पानांच्या झेरॉक्स: एक बघून उतरवलेलं, एक श्रुतलेखन, एक मनाचं लेखन. अनुपस्थिती लपवू नका, हजेरीचा गोषवारा जोडा. लपवलेली कळली की अख्ख्या पत्रावरचा विश्वास उडतो.

एक अट तिथं ठामपणे सांगा: वाचन-लेखनाची चाचणी मराठीतच. इंग्रजी उताऱ्यावरून मराठी माध्यमाच्या मुलाचं काही ठरत नाही.

बालरोग_परभणी
विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे. प्रमाणपत्र आठ वर्षांपुढे मिळतं, त्यामुळे वयाची अडचण नाही. कलम १७ प्रमाणे परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा सवलती येतात. अतिचंचलता मात्र त्या २१ मध्ये स्वतंत्रपणे नाही, ती सोबत असेल तर पालकांना तसं आधीच सांगा. अध्ययन अक्षमतेवर गोळी, सिरप, ब्राह्मीचं तूप असलं काही नाही. कुणी "मेंदूचं टॉनिक" लिहून दिलं तर ते पैसे मुलाच्या दुधाला घाला.

केजचे_गुरुजी
आणि टोळी निघाली तर?

समावेशित_लातूर
हंगामी वसतिगृहात किंवा आजीकडे राहणार असेल तर उत्तम, आजीला ४० शब्दांची यादी आणि २० मिनिटांचा क्रम एका पानावर द्या. बरोबरच जाणार असेल तर शिक्षण हमी पत्रक (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत बसवून घेण्यासाठीचं) द्याच, पण त्याच्या मागे टाचून आणखी एक पान: कोणती अक्षरं पक्की, कोणती नाहीत, पुढचं कोणतं. नाहीतर कारखान्यावरच्या शाळेतला शिक्षक त्याला पुन्हा 'अ अननसाचा' पासून बसवतो.

पालकांशी बोलताना मुलाला खोलीबाहेर पाठवू नका, त्याच्यासमोरच सांगा की डोकं चांगलं आहे, अक्षरांचा रस्ता वेगळा आहे. आणि चाचणीच्या दिवशी: आदल्या रात्री जागरण नको, सकाळची भाकरी खाऊनच निघा, सर्दी-ताप असेल तर तारीख बदला. उपाशी, झोपेला आलेल्या लेकराचा बुद्ध्यांक सहज खाली येतो, आणि तो आकडा मग कागदावर वर्षानुवर्षं राहतो.