मदत हवी आहे: वेटलिस्टवर असताना 'तुम्हीच पहिली पसंती' हे पत्र कधी पाठवावं?

लेक यंदा अमेरिकेत एमडीला (इथली डॉक्टरकीची मूळ पदवी) अर्ज करतेय. आम्ही न्यू जर्सीत असतो, ती सिटिझन आहे, त्यामुळे व्हिसाची भानगड नाही. एका कॉलेजात प्रवेश पक्का झालाय, पण जिथे मनापासून जायचंय तिथे इंटरव्ह्यूनंतर वेटलिस्ट.

त्या कॉलेजला पत्रं चालतात, पोर्टलवर अपलोडची सोय आहे. नवे मार्क्स, रिसर्चची प्रगती असं अपडेट पाठवून झालंय. उत्तरादाखल फक्त 'मिळालं' एवढी छापील ईमेल. आता लेटर ऑफ इंटेंट तयार आहे: 'जागा दिलीत तर नक्की येईन.' ते एकाच कॉलेजला द्यायचं हे आम्हाला माहीत आहे, दोघांना शब्द देणं तिला पटतही नाही. 'पत्रांनी काय होतंय?' हेही ऐकून झालंय, पण पाठवायचं ठरलंय.

३० एप्रिलपर्यंत सगळ्यांना हातातल्या प्रवेशांपैकी एकच ठेवावा लागतो, म्हणजे जागा खऱ्या रिकाम्या होणार त्या सुमारास. मग पत्र आत्ता मार्चमध्ये द्यावं की एप्रिलच्या शेवटी? आणि दुसरीकडे प्रवेश मिळालाय हे त्यात लिहावं का? ज्यांची मुलं यातून गेली आहेत, त्यांनी काय केलं?