रशियात साहित्य देव्हाऱ्यात कोणी बसवलं?

पिंपळपान: काल इथे कुणीतरी लिहिलं, 'रशियन माणूस साहित्यावर जगतो ही आपल्याकडच्या डाव्यांची थाप.' रात्रभर चडफडले. अहो, १९०६ पर्यंत त्या देशात दूमा, म्हणजे निवडलेली संसदच नव्हती आणि छापील शब्दावर सेन्सॉर बसलेला. भूदासांबद्दल, म्हणजे जमीनदाराच्या मालकीच्या शेतकऱ्यांबद्दल, बोलायचं कुठे? तुर्गेनेव्हने १८५२ मध्ये शिकाऱ्याच्या गोष्टींतून ते बोलून घेतलं. कथा-कादंबरी हीच तिथली संसद होती.

फटकळ: १८९७ च्या जनगणनेत साक्षर किती? शंभरात एकवीस. उरलेल्यांची संसद कुठली? मुझिकाच्या, म्हणजे खेड्यातल्या शेतकऱ्याच्या, घरी तुर्गेनेव्ह नव्हता.

पिंपळपान: आकडा मान्य. पण पुढचं शतक बघा ना. मी मॉस्कोत शिकत होते तेव्हा हॉस्टेलच्या दाराशी बसणाऱ्या आजी पुश्किनच्या 'येव्गेनी अनेगिन' या काव्यातलं तात्यानाचं पत्र अख्खं म्हणायच्या. हातातलं विणकाम चालूच.

फटकळ: शाळेत घोकून घेतलेलं. माझ्या आजीलाही मनाचे श्लोक पाठ होते.

खिडकीपाशी: पाठांतराला नावं ठेवू नका. स्टालिनच्या काळात कवयित्री अख्मातोवाचा मुलगा तुरुंगात होता. लेनिनग्राडच्या तुरुंगाबाहेर ती सतरा महिने रांगेत उभी राहिली. त्यावरच्या 'रेक्विएम' या कवितेचा तुकडा चिठोऱ्यावर लिहायची, मैत्रीण लिदिया चुकोव्स्कायाने तो पाठ करायचा, मग कागद ॲशट्रेवर जाळायचा. घरात कुणी ऐकत असेल या भीतीने एक शब्द मोठ्याने नाही. वीसेक वर्षं ती कविता अशी माणसांच्या डोक्यात राहिली. तिच्या देशात छापली गेली १९८७ मध्ये.

मधलं नाव: विषय निघालाच आहे तर माझंही ऐका. आपण ही रशियन पुस्तकं इंग्रजीवरून मराठीत आणतो आणि पात्रांच्या नावांतली वडिलांची नावं गाळतो. दस्तयेव्हस्कीच्या 'गुन्हा आणि शिक्षा'तला तपास अधिकारी पोर्फिरी खुन्याला तोंडावर सांगतो, तेव्हाही 'रोदिऑन रोमानिच' (रोमानचा मुलगा रोदिऑन) म्हणून, अहोजाहो करत: तुम्हीच मारलंत. त्या आदरानेच अंगावर काटा येतो. माझ्याकडच्या मराठी प्रतीत काय? 'तू खून केलास.' संपलं!

फटकळ: लांबलचक नावं लक्षात राहत नाहीत हो. मीही शंभराव्या पानावर सोडलं होतं.

मधलं नाव: रेशनकार्डावर बापाचं नाव मधे लावणाऱ्या मराठी माणसाने हे म्हणावं? इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, त्यांचा नाइलाज. आपल्या तोंडात दोन्ही आहेत, तरी आपण टाकून देतो!

फटकळ: माझ्यावर कशाला ओरडता? भाषांतर मी केलंय का?

मधलं नाव: तुमच्यासारखे वाचक चालवून घेतात म्हणून प्रकाशक चालवतात.

पिंपळपान: अहो, भांडण साहित्याच्या जागेबद्दल होतं.

मधलं नाव: मग मी कशाबद्दल बोलतोय?

फटकळ: अख्मातोवाच्या रांगेपुढे माझा एकवीसचा आकडा तोकडा पडतो, घ्या. पण ती रांग शहरातली. मुझिकाचं काय, याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.